रुपरावांच्या दिवाणाचं घरटं

नीलकंठ पक्ष्याच्या घराला दार किती मोठं ठेवावं, यावर नागपूरच्या कडेला आमच्या बेसातल्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, जेवढा खल झाला, तेवढा गटारावर झाला असता तर पावसाळ्यात आम्ही चपला हातात घेऊन घरी आलो नसतो. पण गटार सार्वजनिक होतं आणि घरटं माझं होतं. दुसऱ्याचं काम चाललेलं दिसलं की आमच्याकडे सल्ल्यांची आवक वाढते. स्वतःचं काम निघालं की तीच माणसं लग्नाला गेलेली असतात.

दसऱ्याला नीलकंठाचं दर्शन झालं की वर्ष बरं जातं, ही आमच्या नागपूरकडची समजूत. ले-आउटमध्ये हे खातं शेजारचे रुपराव सांभाळत. दसऱ्याच्या सकाळी ते अंघोळ करून रस्त्यावर उभे राहत, विजेच्या तारेकडे बोट दाखवत, आणि तिथे खरोखरच तो निळ्या पंखांचा पक्षी मान आखडून बसलेला असे. आम्ही हात जोडायचो. रुपराव असा नमस्कार घेत, जणू पक्षी त्यांनीच पाठवला आहे. गेल्या दसऱ्याला तार रिकामी निघाली. मोकळे प्लॉट भरले, त्यांवर डुप्लेक्स उठले, जुनी झाडं गेली. पक्षी राहणार कुठे? हार्डवेअरच्या दुकानाचे मालक ओमप्रकाश यांनी मोबाइलवर नीलकंठाचा फोटो शोधून दाखवला आणि सगळ्या ले-आउटने रांगेने मोबाइलला नमस्कार केला. रुपरावांना ते फार लागलं. ते म्हणाले, पुढच्या दसऱ्याले मी आणून दाखवतो. पण थंडीतल्या एका दुपारी जेवून ते दिवाणावर आडवे झाले ते उठलेच नाहीत. आधी घोरण्याचा आवाज थांबला, मग त्यांच्या पत्नी सुभद्रावहिनींच्या लक्षात आलं.

तो आवाज सगळ्या ले-आउटच्या परिचयाचा होता. कूलर चालू असतानाही तो भिंती ओलांडून येई. सुरुवातीला लाकूड चिरल्यासारखी खरखर, मग एक लांब शिट्टी, मग काहीच नाही. त्या 'काहीच नाही'मध्ये ऐकणाऱ्याचाही श्वास अडकायचा. मग पुन्हा खरखर.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. अपुरी राहिलेली नोंद मला झोपू देत नाही. रुपरावांची ही नोंद आपण पुरी करावी, असं मी ठरवलं. नीलकंठ झाडाच्या ढोलीत घरटं करतो. झाड नसेल तर ढोली आपण द्यायची, एवढा साधा विचार.

इंटरनेटवर निळ्या पक्ष्याचं घरटं म्हणून शोधलं तर नकाशांचा ढीग निघाला. उतरत्या छपराचं, तळाकडे निमुळतं, पुढून उघडणारं, वरून उघडणारं. तळाला पाणी निथळायला भोकं, आत पिल्लांना चढायला खाचा. मी चार दिवस वहीत नकाशे उतरवले. पाचव्या दिवशी कळलं की हे सगळं अमेरिकेतल्या एका निळ्या पक्ष्यासाठी आहे. तो आपल्या चिमणीहून जरासा मोठा, दार दीड इंचाचं. आपला नीलकंठ पार कबुतराच्या जवळपास जाणारा. त्या दारातून त्याची चोच आत गेली असती आणि बाकीचा पक्षी दसऱ्यापर्यंत बाहेर लोंबला असता.

म्हणून दार वाढवायचं ठरलं, आणि इथूनच शेजारधर्म सुरू झाला. ओमप्रकाशजींनी सांगितलं की दार पूर्वेलाच हवं, और थोडा बडा रखो भाऊ, छोट्या दारातून लक्ष्मी येत नाही. ले-आउटचे सचिव गणपतराव म्हणाले, पक्ष्याले बसाले दांडी पाहिजे. मी सांगितलं की दांडी ठेवली तर तिच्यावर कावळा बसून अंडी खातो. त्यावर ते म्हणाले, मंग दारच इतकं मोठं ठेवा का तो दारात बसन. प्रत्येक सल्ल्यामागे दार अर्धं बोट वाढत गेलं. शेवटी करवत हातून सुटली आणि राहिलेलं तिने स्वतःच ठरवलं. दार फुलक्याएवढं झालं.

पण लाकडाचं सांगायचं राहिलं. माणूस ज्यावर गेला ते अंथरूण-पांघरूण तेराव्याला दान देतात. गुरुजींनी गादी, उशी, छत्री आणि चपला नेल्या. दिवाणापुढे मात्र हात जोडले, घरात जागा नाही म्हणाले. भंगारवाला आला, कोपऱ्यावर चौकशी करून येतो म्हणाला आणि त्याने तो कोपरा कायमचा सोडला. दिवाण वहिनींच्या अंगणात ऊन खात पडून होता. अस्सल सागवान. लोक भुताखेताला भितात आणि सागवान वाया घालवतात, याचा मला मनापासून राग आला. मी तो मागितला.

वहिनी म्हणाल्या, "न्या भाऊजी. पण डोक्याकडची फळी जपून काढा. तिच्यात त्यायचं तेल मुरलं आहे."

खरंच मुरलं होतं. फळीच्या मधोमध डोक्याच्या आकाराचा काळसर गोल होता, आणि उन्हात तापली की फळीला आवळ्याच्या तेलाचा वास सुटे. माझ्या बायकोने, प्रेमलताने, फळ्या घरातून जिना चढू दिल्या नाहीत. "मेलेल्या माणसाचं लाकूड आणून राहिले तुमी. आता रुपरावभाऊलेच जेवाले बोलवा," म्हणाली. मी फळ्या दोराने बाहेरून गच्चीवर ओढल्या. सागवान कापून तुकडे करायला जीव होईना, म्हणून पेटी नकाशातल्यापेक्षा बरीच मोठी झाली; दोन मांजरं पाहुणी आली असती तरी मावली असती. पुढची बाजू म्हणून जी फळी हाती आली ती डोक्याकडचीच होती. दाराचं भोक नेमकं त्या काळ्या गोलात आलं. मी ते ठरवून केलं नव्हतं. करवत फिरत असताना फळी कण्हली. सुकलेलं लाकूड कण्हतंच, हे मी प्रेमलताला सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

पेटी टांगायची ती वहिनींच्या कंपाउंडलगतच्या कडुनिंबावर. झाड सार्वजनिक, म्हणून परवानगी हवी, असा मुद्दा गणपतरावांनी काढला. मी एका कार्यालयात अर्ज दिला. अर्जात 'घर' हा शब्द वाचून तो बांधकामाच्या टेबलावर गेला. तिथे वापर निवासी की व्यावसायिक, मजले किती आणि रहिवाशाचं नाव काय, असं विचारलं. मी नीलकंठ लिहिलं. पूर्ण नाव लिहा, म्हणाले. तो पक्षी आहे, असं सांगितल्यावर टेबलावरच्या माणसाने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, मग तो इथलाच राहणारा आहे याचा काही पुरावा? तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत एवढीच अट घालून परवानगी मिळाली की बांधकाम रिकामं राहिल्यास ती आपोआप रद्द होईल. वाचून मला हसू आलं होतं. रिकामं राहण्याची चिंता करण्यासारखी परिस्थिती पुढे राहिली नाही.

पूर्वेला तोंड करायचं म्हटलं तर पेटी थेट वहिनींच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर आली. पहिले काही आठवडे तिच्याकडे कुणीच फिरकलं नाही. नीलकंठ तर नाहीच, पण खारही त्या फांदीवर येऊन थबकायची आणि उलटी वळायची. मग कावळे येऊ लागले. कंपाउंडच्या भिंतीवर ओळीने बसायचे, सगळ्यांची तोंडं पेटीकडे, आणि एकही ओरडायचा नाही. गणपतराव मला म्हणाले की दहाव्याच्या पिंडाला इतके कावळे नव्हते आले.

आमच्याकडे वैशाखातल्या दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. उन्हाने डांबर मऊ होतं, दारं-खिडक्या बंद, कूलरच्या खसच्या ताट्यांतून पाणी टपकतं. त्या वेळी ले-आउटमध्ये उभं राहिलं की वाटतं, इथली माणसं कधीच निघून गेली आहेत आणि आपल्याला कुणी कळवलेलं नाही. अशाच एका दुपारी मी पेटीकडे बघायला बाहेर पडलो. झाडाखाली गेलो आणि वरून आवाज आला. लाकूड चिरल्यासारखी खरखर. मग लांब शिट्टी. मग काहीच नाही.

मीही श्वास धरून उभा राहिलो.

पुन्हा खरखर सुरू झाली तेव्हा मी घरात होतो. मधलं अंतर कसं कापलं ते आठवत नाही, पण एक चप्पल झाडाखालीच राहिली होती आणि ती आणायला प्रेमलताने मला एकट्याला पाठवलं नाही. ती स्वतःही आली नाही.

दोन दिवसांत सगळ्यांनी ऐकलं. ऐकायला कुणी गेलं नव्हतं. जो तो म्हणे, मी सहज तिकडून चाललो होतो. भर उन्हात इतकी माणसं सहज चाललेली मी पूर्वी पाहिली नव्हती. झाडाला लिंबू-मिरच्या आल्या. ओमप्रकाशजींनी दुकानातली माझी उधारी विचारणं सोडलं, हा एक जमेचा भाग. माझ्या हाताला रुपराव चिकटले असावेत असा त्यांचा समज होता. गणपतरावांनी बैठक घेऊन ठराव केला की पेटी उतरवावी. उतरवणार कोण, या मुद्द्यावर बैठक लगेच संपली.

वहिनींनी मला बोलावलं तेव्हा शिव्या खायच्या तयारीनेच गेलो. त्या खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. चेहरा टवटवीत. गेल्या थंडीपासून त्यांच्या डोळ्यांखाली आलेली काजळी गेली होती.

"भाऊजी, हे गेल्यापासून माह्या डोयाले डोया नव्हता. इतके वर्ष त्या आवाजावर झोपलेली बाई मी. घर असं चूप झालं का मले घाबरं होये," त्या म्हणाल्या. "आता पाहा नं. दुपारी आवाज सुरू होते अन् मी ढाराढूर." मग त्यांनी आवाज उतरवला. "म्या रोहितले सांगतलं, मी काही पुण्याले येत नाई. ह्यायले असं झाडावर टाकून कशी येऊ?"

रोहित म्हणजे त्यांचा मुलगा. आई रात्र-रात्र जागी बसते, एकटी राहिली तर टिकणार नाही, म्हणून घर विकून तिला पुण्याला न्यायचं त्याने ठरवलं होतं. वहिनींनी आधी मान डोलावली होती. ज्या घरात झोप येत नाही ते सोडायला हरकत काय, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आता माझ्या पेटीने तो फिरवला होता.

पुढे एका संध्याकाळी दिवेलागणीला मला गच्चीवरून खरा प्रकार दिसला. पेटीच्या त्या काळ्या दारात एक चेहरा उगवला. पांढरा, पानाच्या आकाराचा, नाक बसलेलं, डोळे काळे आणि माणसासारखे समोर. त्याने मान हळूहळू माझ्याकडे वळवली, आणि ती जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. मग ते काहीतरी मोठं, पांढरं, पंखांचा जराही आवाज न करता माझ्या डोक्यावरून गेलं. मी एकेक पायरी बसत जिना उतरलो. प्रेमलताने काय झालं विचारलं. मी म्हटलं, गच्ची तापली आहे.

दुसऱ्या दिवशी झाडाखाली उंदराची शेपटी आणि ओकून टाकलेल्या केसांच्या गोळ्या सापडल्या. पक्ष्यांचं पुस्तक काढून पाहिलं. गव्हाणी घुबड. मोठी पेटी, फुलक्याएवढं दार. मी नीलकंठासाठी बांधलं आणि घुबडाच्या मापात बसलं. याची पिल्लं भूक लागली की थेट माणसासारखी घोरतात, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. मला इतकं हलकं वाटलं की कुणाला तरी सांगावं म्हणून मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. घुबड म्हटलं तर गणपतराव काठी घेऊन आले असते. आणि वहिनींना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमचे यजमान उंदीर मागून राहिले?

मी गप्प राहिलो. पण रोहित गप्प राहणाऱ्यातला नव्हता. तो गाडी घेऊन आला, बॅगा भरल्या, आणि भर दुपारी माझ्या दारात उभा राहिला. "काका, पेटी तुम्ही टांगली, आता तुम्हीच उघडून दाखवा. आत पक्षी आहे हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत असेल. आई माझं ऐकत नाही, डोळ्यांनी पाहील." त्याचे डोळे लाल होते. तो रात्रभर गाडी चालवत आला होता. घर विकून त्याला काही मिळवायचं होतं असं नाही. आई मरेल, या भीतीने तो आला होता.

झाडाखाली शिडी लागली. ती अर्थात ओमप्रकाशजींच्या दुकानातली, आणि धरायला ते स्वतः, तोंड फिरवून. जो तो सहज तिकडून चाललेला होता. वहिनींनी खुर्ची आणवली आणि झाडाच्या सावलीत बसल्या. वरून खरखर चालूच होती.

"उघडा भाऊजी," त्या म्हणाल्या. "पाखरू निघालं तं मी याच्यासंगं गाडीत बसतो. हे असन तं माही बॅग खाली उतरवा. एकदाचं होऊन जाऊ द्या."

मी चढलो. या वयात, मेलेल्या शेजाऱ्याच्या डोक्याच्या फळीकडे तोंड करून, सगळ्या ले-आउटच्या देखत. पायजम्याचा नाडा सोडला तर माझ्या बाजूने कुणीच नव्हतं. आवळ्याच्या तेलाचा वास आला. झाकण उघडलं की एका म्हातारीचा नवरा दुसऱ्यांदा जाणार होता, आणि या वेळी तो माझ्या हाताने. घोरणं माझ्या कानाशी, अगदी जवळ. मी झाकण उचललं.

आत चार पांढरे चेहरे होते. चारही चोची मिटलेल्या. ती पिल्लं माझ्याकडे बघत नव्हती. माना लांब करून, दाराच्या भोकातून, ती खाली बघत होती. आणि घोरणं चालूच होतं, पण आता खालून.

मी शिडी घट्ट धरली आणि खाली पाहिलं. खालचंही कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे खुर्चीकडे बघत होते. वहिनींची मान कलली होती, तोंड किंचित उघडं, पदर छातीवर वरखाली होत होता. खरखर. शिट्टी. काहीच नाही. तीच चाल, तोच थांबा, तसूभरही फरक नाही.

"आई कधी घोरत नव्हती," रोहित कुजबुजला. "काका, ती आयुष्यात कधी घोरली नाही."

रोहित आईसमोर तापलेल्या मातीतच बसला. तिचा लोंबता हात त्याने उचलून तिच्या मांडीवर ठेवला. ती जागी झाली नाही. गेल्या थंडीपासून त्याने आईला झोपलेलं पाहिलं नसावं. मग गणपतरावांनी, शक्य तेवढ्या लांबून, मला विचारलं की आत काय आहे.

मी झाकण लावलं. "झोपले आहेत सगळे," मी म्हटलं. "उठवू नका."

रोहितने गाडीतून बॅगा उतरवल्या. डिकीही त्याने आवाज न करता, हाताने दाबून लावली. संध्याकाळी वहिनी जाग्या झाल्या, पेटीत काय निघालं ते त्यांनी विचारलं नाही आणि सरळ चहा ठेवायला गेल्या. रोहित दोन दिवस राहिला, पोटभर जेवला आणि एकटाच गेला. मला म्हणाला, लक्ष ठेवा. ठेवतो, असं मी म्हटलं. या वाक्याचा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला नव्हता.

पावसाळ्याआधी पिल्लं उडाली. मी एकदा दिवसाढवळ्या चढून पाहून आलो. केसांच्या गोळ्या आणि दोन-चार पिसं, बाकी पेटी मोकळी. कावळे भिंतीवरून उठून गेले. परवानगी आपोआप रद्द झाली असेल, पण ते बघायला कुणी आलं नाही. मला वाटलं, आता वहिनींची झोप गेली. मी दुपारी त्यांच्या खिडकीखालून सहज चालायला लागलो.

झोप गेलेली नाही. खिडकीतून घोरणं येतं. मी पहिल्या दिवशी ऐकलं आणि समाधानाने वळलो. मग जे ऐकलं ते जुळेना म्हणून परत आलो. हिशेबात असं होतं. एक रक्कम दोनदा धरली जाते. दुसऱ्या दिवशी प्रेमलताला नेलं. तिने ऐकलं, माझा हात धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. वहिनी घरात एकट्या आहेत. एक आवाज संपतो तिथे दुसरा सुरू होतो, आणि कधीकधी दोन्ही एकदम येतात.

परवा सकाळी त्या कंपाउंडपाशी तुळशीला पाणी घालत होत्या. अंगाने भरल्या आहेत. मी बेताबेताने विचारलं, की वहिनी, झोप लागते ना नीट?

"लागते नं भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण हे आधी झोपतात. मंग मले उशीर होते."